आरसा डिम होत नाही की काच गळतेय? आधी दुखणं कुठंय ते बघा

या वेळी पत्रं बरीचशी एकाच गोष्टीवर आलीत, मागच्या गाडीचे हेडलाईट पडले की आपोआप काळपट होणारा साईड मिरर. पहिलं पत्र सविस्तर घेतलंय कारण त्यात जवळपास सगळंच आलंय, बाकीची त्याच्या मागोमाग.

प्रश्न: ताई नमस्कार. माझी गाडी ८ वर्षांची आहे. ड्रायव्हरच्या बाजूच्या आरशात खालच्या कोपऱ्यात आधी नखाएवढा पिवळट डाग होता, तो वाढत वाढत आता मधोमध आलाय आणि त्यात बुडबुडा असल्यासारखं दिसतं. रात्री बाकीची काच डिम होते पण ती जागा तशीच चकाकत राहते आणि सगळा झोत डोळ्यात येतो. खालच्या कडेला चिकट ओलसर पण लागतंय. वर्कशॉपवाले म्हणतात अख्खा मिरर बदला. मला घरी करता येईल का? मल्टीमीटर आहे, सोल्डरिंग येतं थोडंफार.

उत्तर: दादा, तुम्ही इतकं नीट लिहिलंय की न बघता सांगते, तुमच्या आरशाचं सील गेलंय आणि आतलं जेल गळतंय. आता घरी काय होईल आणि काय नाही हे आधीच स्पष्ट सांगते म्हणजे तुमचा रविवार वाया जाणार नाही. ती काच घरी दुरुस्त होत नाही. पण काच बदलणं घरी शंभर टक्के होतं, आणि त्यासाठी अख्खा मिरर, म्हणजे मोटर, कव्हर, वायरिंगसकट सगळं टाकायची बहुतेक वेळा काही गरज नसते. नुसती काच तिच्या मागच्या प्लास्टिक प्लेटसकट वेगळी मिळते का ते आधी विचारा.

काच दुरुस्त का होत नाही ते समजून घ्या, कारण ते समजलं की पुढची अर्धी चूक टळते. आपल्याला एक काच दिसते पण त्या दोन असतात, एकावर एक, आणि त्यांच्या मधे केसाच्या जाडीइतकी फट. दोन्ही काचांच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा थर असतो, त्यातला निदान पुढचा तरी पारदर्शक असावाच लागतो नाहीतर आरपार दिसणार कसं. त्या फटीत जेल भरलेलं असतं आणि चारी बाजूंनी इपॉक्सीचं सील. जेलला साधारण १.२ व्होल्ट मिळाले की त्यातली रसायनं रंग बदलतात, निळसर हिरवट काळपट होतात, आणि व्होल्ट काढले की आपोआप परत पारदर्शक. तुमच्या आरशात जिथे बुडबुडा आहे तिथे जेलच उरलेलं नाही, मग रंग कशाचा बदलणार, म्हणून ती जागा चकाकते. सील वर्षानुवर्षं ऊन, पाणी, काचेवरची ओल घालवणाऱ्या आरशातल्या हीटरची गरमी खाऊन सुटतं. एकदा हवा आत गेली की ते जेल परत भरून तशी एकसारखी फट घरी सील करणं कुणालाही जमत नाही.

आता आज रात्रीच करायचं काम, बाकी सगळं नंतर. आरशावर एक प्लास्टिकची पिशवी चढवा आणि वरून टेप गुंडाळा. गाडी उभी असतानाच हं, चालवताना नाही. हे मी कळकळीनं सांगतेय कारण त्या जेलमधे जे द्रावक असतं, प्रॉपिलीन कार्बोनेट, तेच रंग खरवडून काढायच्या औषधांमधेही वापरतात. माझ्याच गाडीच्या दारावर एकदा रात्रभर थेंब थेंब गळत होतं, सकाळी मला वाटलं दव आहे, म्हणून कोरड्या फडक्यानं अंगठा दाबून पुसलं आणि फडक्याबरोबर रंगच उचलून आला, अंगठ्याएवढा, खाली प्रायमर दिसायला लागला. आजही ती जागा आहे. तेव्हा दारावर थेंब दिसला तर घासायचं नाही. भरपूर पाणी ओतायचं, मग साबणाच्या पाण्यात भिजवलेला मऊ कपडा नुसता टेकवून टिपायचं, परत पाणी, असं चार-पाच वेळा. थिनर, पेट्रोल अजिबात नको. आणि रंग आधीच मऊ पडून फुगला असेल तर हात न लावता वाळू द्या, बऱ्याचदा थोडा तरी परत बसतो.

दुसरं म्हणजे हातात रबरी ग्लोव्हज आणि डोळ्यावर गॉगल, यात सूट नाही. रंग बदलणारं ते रसायन व्हायोलोजेन नावाच्या गटातलं असतं, आणि तणनाशक पॅराक्वाट त्याच गटातलं आहे, एवढं सांगितलं की पुरे. आरशातलं पॅराक्वाट नव्हे, पण कातडीला, डोळ्याला लागू द्यायची वस्तू नक्कीच नाही. डोळ्यात गेलंच तर वाहत्या पाण्याखाली निदान १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरकडे जा. लहान मुलांना आणि घरातल्या कुत्र्यामांजरांना त्या वेळी लांब ठेवा.

काच काढायची अशी. इग्निशन चालू करून आधी आरसा बटणानं पूर्ण वर बघणारा करा म्हणजे काचेची वरची कड आत जाते आणि खालची बाहेर येते, खाली बोटं घालायला जागा होते. हवा थंड असेल तर आरशाचा हीटर पाच मिनिटं चालवा नाहीतर हेअर ड्रायर फिरवा, गार प्लास्टिकच्या क्लिपा काडीसारख्या तुटतात. मग इग्निशन बंद. काचेवर आडव्या-उभ्या पट्ट्या मारून टेप चिकटवा, फुटलीच तर तुकडे उडत नाहीत आणि जेल पण सांडत नाही. खाली दाराला जाड टॉवेल लावा. आता खालच्या फटीतून प्लास्टिकची पट्टी घाला, लोखंडी स्क्रूड्रायव्हर नको, आणि काचेला नाही तर काचेमागच्या प्लास्टिक प्लेटला धरून स्वतःकडे ओढा. पहिली क्लिप सुटते तेव्हा असा आवाज येतो की काळजात धस्स होतं, पण तो क्लिपेचाच असतो, घाबरू नका. मात्र काही गाड्यांत क्लिपा नसून खालून फिरवायची रिंग किंवा तारेची स्प्रिंग असते, तेव्हा जोर लावूनही हलत नसेल तर थांबा, टॉर्च मारून आत बघा कसं अडकवलंय.

काच सुटली की ती लगेच ओढून घेऊ नका, मागे वायरी आहेत. बहुतेक ठिकाणी चार, दोन हीटरच्या आणि दोन डिम होण्याच्या, आणि आरशात इंडिकेटर किंवा ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या जागेत गाडी आली की लागणारा दिवा असेल तर आणखी. आधी मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन कोनांतून. कनेक्टर काढताना वायर ओढायची नाही, कनेक्टर धरायचा, आणि दुसऱ्या हातानं काचेवरची पत्र्याची जीभ दाबून ठेवायची. जुनी काच टाकायचीच आहे म्हणून तिच्याशी धसमुसळेपणा चालेल असं वाटतं, पण सवय चुकीची लागते आणि नव्या काचेची जीभ तुटली की हीटर गेला.

नवी काच घेताना जुनीच्या पाठीवरचा नंबर जुळवा. तो वाचता येत नसेल तर एवढं तरी जुळवा: काच सपाट की फुगीर, हीटर आहे का, डिम होणारी आहे का, दिवा आहे का, आणि मागच्या क्लिपांची ठेवण. फुगीर की सपाट यात चुकलात तर मागची गाडी किती लांब आहे याचा तुमचा इतक्या वर्षांचा अंदाज फसतो, आणि ते हायवेवर लेन बदलताना कळतं, ही किरकोळ गोष्ट नव्हे.

बसवताना मोटरची प्लेट सरळ मधे आणा, वायरी फोटोप्रमाणे लावा, क्लिपा समोरासमोर आणा आणि मग काचेवर दुमडलेला टॉवेल ठेवून तळहातानं बरोबर मधे दाबा. टक टक टक असे आवाज आले की बसली. कडेला दाबायचं नाही, नव्या काचा बसवताना फुटतात त्या तिथेच. नंतर बटणानं चारी दिशांना फिरवून बघा आणि हलकेच ओढून बघा, कारण अर्धवट बसलेली काच वेगात सुटून पडू शकते.

जुनी काच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि घातक किंवा इलेक्ट्रॉनिक कचरा घेतात तिथे द्या, घरच्या डब्यात नको.

प्रश्न: माझ्या आरशावर डाग नाही, गळती नाही, काच आरशासारखी स्वच्छ, पण डिम म्हणून होतच नाही. मी नवीन काच आणून बसवली तरी तेच! आता काय बघू?

उत्तर: हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालंय. बहुतेक गाड्यांत साईड मिररला स्वतःची अक्कल नसते. डोकं असतं आतल्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या काचेला लटकलेल्या मधल्या आरशात. त्याला दोन डोळे असतात, एक पुढे बघतो आणि बाहेर अंधार आहे का ते ठरवतो, दुसरा मागे बघतो आणि मागून झोत येतोय का ते बघतो. बाहेर अंधार आणि मागून उजेड, दोन्ही एकदम असलं तरच तो डिमचा हुकूम सोडतो, आणि बाहेरचा आरसा फक्त तो पाळतो.

म्हणून तपासणी आतून सुरू करायची. इग्निशन चालू, गिअर रिव्हर्समधे नको, मधल्या आरशावर ऑटोचं बटण असेल तर ते चालू. आता पुढच्या सेन्सरवर काळी टेप लावा, बोट ठेवून भागत नाही कारण बाजूनं उजेड शिरतो. मग मागच्या सेन्सरवर टॉर्च मारा आणि निदान अर्धा मिनिट धरून ठेवा. मधला आरसा काळा पडतोय का बघा.

तो पण नाही पडला तर बाहेरच्या आरशाला हात लावू नका. फ्यूज बघा, बटण बघा, आणि सेन्सरसमोर काय आहे ते बघा. डॅशकॅम बसवताना वायर, स्टिकर, टेप त्या पुढच्या डोळ्यासमोर येतं आणि त्याला दिवसाही रात्र वाटते, मग आरसा नको तेव्हा काळा पडतो. गाडीच्या मागच्या काचेला गडद फिल्म असेल तर उलटं, झोत मागच्या डोळ्यापर्यंत पोचतच नाही आणि आरसा डिम होत नाही. यात बिघाड कशातच नसतो आणि लोक काचा बदलत बसतात.

मधला पडला आणि बाहेरचा नाही पडला, तर आता बाहेरचा काढा. टेप आणि टॉर्च तशीच ठेवून, मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावून काचेकडे येणाऱ्या दोन डिमच्या वायरींवर मोजा. १ ते १.५ व्होल्टच्या मधे काहीतरी यायला हवं. आलं तर वायरिंग ठीक, दुखणं काचेत किंवा तिच्या कनेक्टरमधे, आणि तुमची काच नवी आहे तेव्हा कनेक्टरच आधी बघा, हिरवट बुरशीसारखं साचलंय का, पिन मागे सरकलीय का. काहीच आलं नाही तर वायर मधे कुठेतरी तुटलीय, आणि माझ्या अनुभवात ती जागा नव्वद वेळा एकच, दार आणि बॉडीच्या मधली रबरी नळी. दार रोज कितीदा उघडतं, तिथली वायर वाकून वाकून आतून तुटते आणि वरचं प्लास्टिक मात्र शाबूत असतं, त्यामुळे बघून कळत नाही. ती नळी मागे सारून एकेक वायर हलकेच ताणून बघा, तुटलेली रबरासारखी लांबते. तिथे नुसती पीळ मारून टेप लावू नका, सोल्डर करा, वर श्रिंक ट्यूब, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी घाला आणि जोड त्या वाकणाऱ्या जागेपासून लांब राहील असं बघा.

आणि एक, मोजताना १२ व्होल्ट दिसले तर तुम्ही हीटरच्या वायरींवर आहात. त्या सहसा जाड असतात पण जाडीवर विसंबू नका, मोजाच. डिमच्या काचेला चुकून १२ व्होल्ट दिले तर ती तिथल्या तिथे मरते, परत येत नाही.

काच जिवंत आहे का हे बाहेर टेबलावर पण बघता येतं. रिचार्जचा निकेल मेटल हायड्राइड पेन्सिल सेल घ्या, तो साधारण १.२ व्होल्टचा असतो. काचेच्या दोन डिमच्या टोकांना १०-१५ सेकंद टेकवा. चांगली काच डोळ्यासमोर कडेकडून आत अशी गडद होत जाते, बघायला फार सुंदर दिसतं. सेल काढला की हळूहळू उजळते आणि दोन टोकं एकमेकांना टेकवली तर पटकन उजळते. साधा १.५ व्होल्टचा सेल यासाठी नको, तो काचेला थोडा जास्तच होतो.

प्रश्न: आमच्याकडे उलटं आहे ताई, आरसा दिवसाही काळाच राहतो, सकाळी तर फारच. मागचं दिसत नाही आणि भीती वाटते.

उत्तर: भीती वाटते ते बरोबरच आहे, तोपर्यंत मधल्या आरशावरचं ऑटोचं बटण बंद करून बघा, बऱ्याच गाड्यांत त्यानं बाहेरचा पण मोकळा होतो. नाही झाला तर काच काढून डिमचा कनेक्टर सोडवा आणि काच अशीच १५-२० मिनिटं ठेवा. उजळली तर काच निर्दोष, कुणीतरी तिला सतत व्होल्ट देतंय, म्हणजे परत मधला आरसा आणि त्याचे सेन्सर. नाही उजळली, पिवळट तपकिरी तशीच राहिली, तर रसायन म्हातारं झालंय आणि काच बदलावीच लागेल. थंडीत मात्र घाई करू नका, गारठ्यात जेल मुळातच सुस्त असतं आणि उजळायला वेळ घेतं, तुमचं "सकाळी फारच" त्यामुळेही असेल. हीटर लावून परत बघा.

प्रश्न: मी एक युक्ती ऐकलीय, पुढची काच पट्टीनं वेगळी करायची, जेल धुऊन टाकायचं आणि काच परत चिकटवायची, डिम नाही झालं तरी आरसा तरी स्वच्छ होतो. करू का? नवी काच मिळायला वेळ लागणार आहे.

उत्तर: करू नका. मी करून बघितलंय, पातळ पाती कडेनं सरकवत अर्ध्यापर्यंत आणली आणि काच तिरकी तडकली, जेल ग्लोव्हजवर, टेबलावर, सगळीकडे. दोन्ही काचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्याच असतात आणि जुनं इपॉक्सी काचेपेक्षा घट्ट असतं.

समजा तुमच्या हाताला यश आलं. तरी पुढे अडचण आहे. आरशाचा चकचकीत धातूचा थर नेमका कुठे आहे यावर सगळं अवलंबून. पेन्सिलीचं टोक काचेला टेकवा आणि टोक आणि त्याच्या प्रतिबिंबामधली फट बघा. फट अगदी थोडी दिसली तर थर दोन काचांच्या मधे आहे, जास्त दिसली तर अगदी मागे. मधे असेल तर पुढची काच काढल्यावर तो उघडा पडतो, पहिल्याच फडक्यानं ओरखडे. आणि पुढची काच परत लावली तर जेलच्या जागी हवा येते. हवा आणि काच जिथे भेटतात तिथे दर पृष्ठभागाला साधारण ४ टक्के उजेड परत फिरतो, आणि तुम्ही असे दोन नवे पृष्ठभाग तयार केलेत. दिवसा कळणार नाही. रात्री मागच्या एका हेडलाईटच्या शेजारी दुसरा फिकट हेडलाईट दिसायला लागतो, आणि ज्या कामासाठी आरसा आहे त्याच वेळी तो फसवतो.

काळी फिल्म चिकटवायचा सल्ला पण काही जण देतात, ती दिवसरात्र काळी असते, तो उपाय नव्हे.

प्रश्न: डाव्या-उजव्यातला एकच आरसा डिम होतो, दुसरा खराब समजायचा का? आणि रिव्हर्स टाकला की डिम झालेला एकदम उजळतो, हा पण फॉल्ट का?

उत्तर: दोन्ही नाही. अनेक मॉडेलांत फक्त ड्रायव्हरच्या बाजूचाच आरसा डिमचा असतो, मॅन्युअलमधे बघा. आणि रिव्हर्समधे तो मुद्दाम उजळवतात, मागे घेताना जास्तीत जास्त दिसावं म्हणून.

प्रश्न: डिमची काच मिळतच नाहीये, तर साधी बसवली तर गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सला काही होईल का? आई पण ही गाडी चालवते, रात्री तिला त्रास नको.

उत्तर: बसवा, निर्धास्त बसवा. गळक्या डागाळलेल्या आरशापेक्षा साधी स्वच्छ काच कधीही बरी. फक्त हीटरवाली घ्या, धुक्यात पावसात तो फार उपयोगी पडतो, आणि फुगीर-सपाट जुळवायचं मी वर लिहिलंय ते इथेही लागू. डिमच्या दोन वायरी रिकाम्या राहतील, त्या एकमेकींना जोडू नका. दोघींची टोकं वेगवेगळी टेपनं किंवा श्रिंक ट्यूबनं बंद करा, कारण मधला आरसा त्यांच्यावर व्होल्ट सोडतच राहणार आहे. मग आरसा फिरताना मोटरमधे अडकणार नाहीत अशा बाजूला बांधून टाका. काही गाड्यांत डॅशबोर्डवर तक्रारीचा दिवा लागू शकतो, तो आरशापुरताच आहे ना एवढी खात्री करून घ्या.

आतला आरसा डिम होतच राहील. बाहेरच्याचं म्हणाल तर आईंना सीटवर बसवा, अंधार पडल्यावर तुम्ही दुसरी गाडी मागे लो बीमवर उभी करा, आणि आरसा बाहेरच्या बाजूला थोडा थोडा फिरवत आणा, त्यांची स्वतःची गाडी कडेला जेमतेम दिसेल इतपत. तेवढ्यानंच थेट डोळ्यात येणारा झोत बराच बाजूला जातो, आणि सीटची उंची त्यांची असतानाच हे करा, तुमची नको.